तिसऱ्यांदा कोण विचारणार

खानूमना ‘नाही’ म्हणता यायचं नाही, आणि ‘हो’ तर त्याहून नाही. आमच्या अल बर्शाच्या इमारतीत धड चालणारी लिफ्ट एकच. तिच्या दारात खानूम आणि वरच्या मजल्यावरचे एक इराणी गृहस्थ समोरासमोर आले की आम्ही बाकीचे निमूट जिन्याकडे वळायचो. ‘बेफर्माईद’, म्हणजे आधी आपण, असं ते म्हणायचे. खानूम छातीवर हात ठेवून मान लववायच्या, ‘बेफर्माईद.’ ते पुन्हा, ह्या पुन्हा. तेवढ्यात दार लागायचं आणि रिकामी लिफ्ट वर निघून जायची. दोघेही अजिबात न चिडता तिची वाट बघत उभे राहायचे आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायचे.

खानूम म्हणजे नुसतं ‘बाई’. त्यांचं खरं नाव इमारतीत कुणाला ठाऊक नसावं. त्या मूळच्या शिराझच्या. लग्न होऊन दुबईत आल्या तेव्हा हा सगळा भाग वाळू होता म्हणे. यजमानांचं देरामध्ये सुक्या मेव्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक बरंचसं आपलं, त्यामुळे खानूमना बाजारी हिंदी छान यायची. यजमान गेले, मुलगा कॅनडात स्थायिक झाला, दुकान भागीदार चालवू लागला, आणि खानूम आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या उरल्या.

एकटी मीही होते. सतीश, म्हणजे माझा नवरा, सकाळी सातला साइटवर जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. सई शिकायला नेदरलँड्सला गेली होती. रविवारी फोन केला की म्हणायची, “आई, आय अ‍ॅम फाइन, स्टॉप वरीइंग,” आणि मी काळजी करायचं थांबवलंय का हे न बघताच फोन ठेवायची. बाहेर चाळीसच्या वर तापमान, आत एसीची घरघर. दुपारभर माणसाचा आवाज म्हणून कानावर पडत नसे. अशाच एका दुपारी बेल वाजली. दारात फिकट हिरवा रुमाल डोक्याला बांधलेल्या एक बाई, हातात पुदिन्याची जुडी. नाव विचारलं. मीना म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “मीना? यह तो हमारा नाम है! तुम हिंदवाली लोग कब ले गया?” त्या दिवसापासून मी मीना-जान झाले आणि चार वाजताचा चहा त्यांच्याकडे सुरू झाला.

त्यांच्या टेबलावर फळांचं मोठं तबक कायम भरलेलं असे. सफरचंदं, संत्री, द्राक्षं आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून काकड्या. काकडी हे फळ आहे, पाहुण्याला मीठ लावून द्यायचं असतं, हे मला पन्नाशीत कळलं. चहा काळा, छोट्या काचेच्या पेल्यात. साखर पेल्यात घालायची नाही, खडा दातांत धरायचा आणि त्याच्यावरून चहा प्यायचा. मला ते जमेना. खडा आधीच विरघळायचा आणि पुढचा कडू चहा तोंड वेंगाडून प्यावा लागायचा. खानूम हसायच्या आणि दुसरा खडा पुढे करायच्या. ते तबक कुणासाठी भरतात, असा मला प्रश्न पडायचा, कारण माझ्याशिवाय तिथे कुणी येत नसे. एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, “मेहमान बोल के थोडी आता है?” सुकायला आलेल्या काकड्या दर आठवड्याला माझ्याकडे यायच्या आणि मी त्यांची कोशिंबीर करायचे.

सतीशला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेले तेव्हा मात्र घोटाळा झाला. भिंतीवर मिनाकारीची एक निळी थाळी होती. सतीश म्हणाला, “वा, बहोत बढिया है.” खानूम म्हणाल्या, “आपका है, ले जाइए.” आमचा चिंचवडचा इंजिनिअर! “अरे, थँक्यू व्हेरी मच!” म्हणाला आणि उठून थाळी खिळ्यावरून काढू लागला. मी डोळ्यांनी खुणावतेय तर म्हणतो, “अगं, एवढं प्रेमाने देताहेत.” खानूमनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता थाळी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. घरी आल्यावर मी सतीशला असं झोडपलं की विचारू नका. पण परत कशी करायची? तुमची वस्तू घ्या म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. शेवटी मी पुरणपोळ्या केल्या, त्याच थाळीत रचल्या आणि घेऊन गेले. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, असं सांगितलं. खानूम थाळीकडे बघत राहिल्या आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तेव्हा त्यांनी मला तारोफ समजावला. इराणी माणूस देतो म्हणाला की दुसऱ्याने नको म्हणायचं. तो पुन्हा देतो, आपण पुन्हा नको. तिसऱ्यांदाही दिलं तर मनापासून आहे असं समजायचं आणि घ्यायचं. “तुम्हारा आदमी एक बार में हाँ बोला,” त्या म्हणाल्या. “अच्छा आदमी है. उसका पेट में कुछ नहीं.” पंगतीत ‘नको नको’ म्हणत ताटावर आडवा हात धरणाऱ्या माझ्या मावश्या मला आठवल्या. त्यांचा हात बाजूला सारून जिलबी वाढली जायची. ह्या बाबतीत आपण अगदीच परके नाही असं मला वाटलं.

मग ते वर्ष आलं. भागीदाराने दुकान बंद करायचं ठरवलं. खानूमचा व्हिसा त्या दुकानावर होता, त्यामुळे काही महिन्यांत दुबई सोडणं भाग होतं. मुलगा कॅनडाला बोलावत होता. तिथे त्या पूर्वी एक हिवाळा राहून आल्या होत्या. “सब अच्छा है उधर,” त्या म्हणाल्या. “खाली आदमी नहीं है. खिडकी से देखो तो बर्फ, बर्फ का बाद गाडी, गाडी का अंदर कोई चुपचाप जाता है.” दुसरी जागा शिराझची, आईच्या घरची. तिथे धाकटी बहीण गुली राहायची. ती फोनवर म्हणायची, इथे ये, तुझी जागा रिकामी आहे.

“मग जा ना!” असं मी हिंदीत म्हटलं. खानूमनी मान हलवली. तुझी जागा रिकामी आहे, हे म्हणे तिकडे कुणालाही म्हणतात. सहलीला जो आला नाही त्यालाही म्हणतात. गुली ये म्हणाली, खानूम नको म्हणाल्या. गुली पुन्हा म्हणाली, खानूम पुन्हा नको म्हणाल्या. मग गुली डाळिंबांचे भाव सांगू लागली. “तीसरी बार नहीं बोली, मीना-जान,” एवढं बोलून खानूम काकडी सोलू लागल्या. सत्तरीची बाई, आईच्या घरी जायला आसुसलेली, आणि आपण तिथे हव्या आहोत की नको हे तिला विचारता येत नव्हतं. तारोफ घरच्यांशी कशाला, असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “घर का आदमी से ही तो डर लगता है.”

खानूम बहिणीला भेटायला निघाल्या आणि मला म्हणाल्या, चल. मी दोनदा नको म्हटलं. त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. विमान समुद्र ओलांडतं न ओलांडतं तोच उतरायला लागतं. मला मुंबई लांब पडते, शिराझ नाही. उतरण्याआधी खानूमनी माझ्या डोक्याला रुमाल बांधून दिला. तो आठवडाभर घसरत राहिला आणि रस्त्यातल्या अनोळखी बायका तो मायेने सरळ करत राहिल्या.

काय काय सांगू त्या शहराचं? सकाळी माणसं हातभर लांब, तापलेल्या खड्यांवर भाजलेली रोटी टॉवेलासारखी हातावर टाकून घरी जायची आणि वाटेत ओळख असो-नसो, तुकडा मोडून पुढे करायची. रस्त्याकडेला गवताचा पट्टा दिसला की लोक सतरंजी अंथरून थर्मास उघडायचे. मी हिंदची आहे कळल्यावर टॅक्सीवाल्याने हिंदी सिनेमाचं गाणं म्हणून दाखवलं, शब्द सगळे चुकीचे, सूर बरोबर. आम्ही खानूमच्या आईच्या कबरीवर गेलो. दोघी बहिणींनी तो दगड गुलाबपाण्याने धुतला, बोटं टेकवून काहीतरी पुटपुटल्या आणि आक्रोड भरलेल्या खजुरांचं ताट येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे धरलं. शेजारच्या कबरीवरून आम्हालाही हलवा आला. मला माझी आई आठवली आणि परमुलखात, अनोळखी माणसांत बसून मी पोटभर रडले. कुणी का म्हणून विचारलं नाही. हातात चहा दिला.

गुलीताई, मी त्यांना मनात तेच म्हणू लागले होते, खानूमपेक्षा बारीक आणि दुप्पट चपळ. त्यांना फारसीशिवाय काही येत नव्हतं. त्यांची लग्न झालेली मुलगी शिरीन शाळेत इंग्रजी शिकवायची, आमचं बोलणं तिच्यामार्फत. रोज जमिनीवर सुफरा, म्हणजे जेवणाची चादर, अंथरला जायचा. केशरी भात, त्याची तळाची खरपूस खापरी, ओल्या पाल्याची जुडी, दही. दोघी बहिणी ती खापरी एकमेकींच्या ताटात सरकवत राहायच्या आणि शेवटी ती मला मिळायची.

निघायच्या आदल्या दुपारी जेवण झाल्यावर गुलीताई म्हणाल्या, राहा आता इथेच. खानूम म्हणाल्या, नको गं, तुला कशाला त्रास. गुलीताई म्हणाल्या, त्रास कसला, तुझंच घर आहे. खानूम म्हणाल्या, नको, मी आपली कॅनडाला जाईन. शिरीन हे सगळं मला हळू आवाजात सांगत होती. मी मोजत होते, दोनदा झालं. गुलीताईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि ताटं गोळा करायला लागल्या.

मला राहवलं नाही. आमच्याकडे तोंडावर बोलायची सवय, तिचा एरवी काही उपयोग होत नाही. मी शिरीनला म्हटलं, “तुझ्या आईला विचार, ही बाई कायमची राहायला आली तर तुम्हाला हवी आहे की नको? हो किंवा नाही, एवढंच सांगा.” मी हे इंग्रजीत बोलले तरी खानूमना बरोबर कळलं. “मीना-जान! ऐसा नहीं पूछते!” त्या जवळजवळ किंचाळल्याच. शिरीन लालबुंद झाली. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारून टाकलं.

गुलीताईंनी ताटं खाली ठेवली. मला वाटलं, आता आपल्याला घराबाहेर काढतात. त्या बोलायला लागल्या ते थांबेचनात, आधी रागाने, मग रडत. शिरीन तुकड्यातुकड्याने सांगत होती. आई गेल्यापासून मी सुफरा अंथरलेला नाही. ओट्याशी उभी राहून जेवते, पातेल्यातूनच. तुम्ही आलात म्हणून ही चादर कपाटातून काढली. हिला दुबईतल्या थंडगार फ्लॅटची सवय. मी तिसऱ्यांदा म्हटलं असतं आणि ती खरंच नको म्हणाली असती, मग मी काय केलं असतं?

खानूम उठल्या, बहिणीजवळ जाऊन बसल्या आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एका झटक्यात म्हणाल्या, “हाँ.” म्हणाल्या चक्क हिंदीत! गुलीताईंना तो शब्द माहीत नव्हता, पण समजला. संध्याकाळपर्यंत दोघींचा खिडकीजवळची खोली कुणी घ्यायची यावर वाद सुरू होता, तू घे, नाही तू घे. शिरीन म्हणाली, हे आता मरेपर्यंत चालणार.

दुबईला परतल्यावर खानूमनी महिन्याभरात घर आवरलं. कपाट वॉचमनला दिलं, गालिचे वरच्या गृहस्थांना. त्यांनी नको म्हटलं, खानूमनी आग्रह केला, आणि ह्या वेळी मी मध्ये पडले नाही. त्या गुणगुणत सामान बांधायच्या. दहा वर्षांनी लहान झाल्यासारख्या दिसत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता. पण दुपारी घरी येऊन मी पंख्याकडे बघत पडायचे. एक दिवस सतीश लवकर आला तर मी रडताना सापडले. तो म्हणाला, “अगं, तूच विचारलंस ना तिच्या बहिणीला? मग आता रडतेस कशाला?” मी म्हटलं, “मीच विचारलं म्हणून.” तो चहा टाकायला गेला.

निघायच्या दिवशी बॅगा लिफ्टपाशी लागल्या. शिराझहून आम्ही निघालो होतो तेव्हा गुलीताईंनी टॅक्सीमागे वाटीभर पाणी ओतलं होतं. जाणारा माणूस पाण्यासारखा वाहत परत यावा म्हणून तिकडे ओततात. मी ते लक्षात ठेवलं होतं. खानूमनी मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले, दोनदा, आणि मागे वळल्या तोच मी घरातून पाण्याची वाटी घेऊन आले.

वाटी बघून त्या थांबल्या. परत आल्या, माझा हात वाटीसकट खाली दाबला.

“नहीं, अजीजम. पानी उसका पीछे डालते हैं जो घर से जाता है. मैं घर जाती हूँ.” मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, “मेरे को वापस मत बुलाना.”

मी मान डोलावली. लिफ्ट आली, त्या आत शिरल्या, दार लागलं आणि आकडे खाली उतरत गेले. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं होतं. त्यांनी परत येऊ नये, तिथेच सुखाने राहावं, हेच मला हवं होतं.

तरी मी ते पाणी लिफ्टच्या दारात ओतलं. आणि मग कुणी घसरून पडू नये म्हणून घरातून फडकं आणलं आणि गुडघे टेकून ते सगळं पुसून काढलं.