यंदा जेवण नको

आमच्या चर्चची मंडळी लहान. निम्मे पुरुष वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टला जातात, बायकांपैकी बऱ्याच जणी नर्स किंवा शिक्षिका. त्यामुळं चर्चचं कुठलंही काम निघालं की पुढं येणारे चेहरे तेच ते असायचे. त्यांत एक मी, शाळेतून निवृत्त झालेली, आणि एक आम्हा सगळ्यांच्या काकू. दरवर्षी उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानतात त्या दिवशी, भक्ती झाली की सगळ्यांना जेवण असायचं. मी कुपनं विकायची आणि काकू आणखी तीन बायकांना घेऊन पहाटेपासून चुलीपुढं उभ्या राहायच्या. उरलेले पैसे चर्चच्या कामाला जायचे.

तीन वर्षांपूर्वी सणाची तयारी करायला आम्ही चर्चमागच्या खोलीत बसलो होतो. नवी साउंड सिस्टीम घ्यायची आहे, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. मग जेवणाचा विषय निघाला, आणि काकू म्हणाल्या, "यंदा मला नाय जमायचं."

"काकू, तुमच्याशिवाय कसं होईल?" मी हसतच म्हणाले.

"का नाय होणार? मी इथं भाजी ढवळते आणि हे घरी एकटे. सणाच्या दिवशी बाहेरून कुलूप लावून येते मी."

त्यांच्या यजमानांना लकवा झाल्याचं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही घरी जाऊन प्रार्थनाही करून आलो होतो. पण कुलपाचं कुणालाच माहीत नव्हतं.

"त्यांना घेऊन या ना," कुणीतरी म्हणालं.

"रिक्षानं गेटपर्यंत आणीन हो. पण पुढं या पायऱ्या? चौघांनी उचलून नेऊ म्हटलं तर चिडतात. लग्नातल्या कपाटासारखं मला उचलू नका म्हणतात."

 पाळकसाहेब म्हणाले, "साउंड सिस्टीम राहू द्या. माझा आवाज पुरतो. आधी चाकाची खुर्ची वर येईल असा उतार बांधू."

पण त्यालाही पैसे हवेतच. जेवण रद्द केलं तर आणायचे कुठून? तेव्हा माझ्या लक्षात आलं की सणाला आमच्याकडं लिलाव असतोच. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं काहीबाही आणून देवापुढं ठेवतात आणि भक्तीनंतर त्याची बोली लागते. पण आत भात शिजल्याचा वास सुटलेला असायचा, सगळ्यांना भूक लागलेली, मग लिलाव कसाबसा उरकायचा. मी म्हटलं, जेवण सोडून देऊ आणि यंदा लिलावच निवांत करू.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, "तुमच्या हातात जे काम आहे, त्यातलं थोडं द्या." वाळूजला वेल्डिंग करणारे दोघे भाऊ भक्ती संपताच माझ्याकडं आले. "मॅडम, गुरुवारी आम्हाला सुट्टी असते. रेलिंग आमच्याकडं लागलं." त्यांनीच चितेगावच्या आपल्या एका मित्राला आणलं. तो गवंडी. आल्या आल्या त्यानं "जय भीम" केला, पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, "हाताखालच्या माणसाची मजुरी द्या. माझी नको. माझी आई पण गुडघ्यानं घरातच बसून हाय."

सणाच्या दिवशी लिलाव कोण पुकारणार, हे ठरलंच नव्हतं. काकू उठून पुढं गेल्या. इतकी वर्षं त्यांना आम्ही चुलीपुढंच पाहिलेलं. त्यांनी गंगापूरहून आलेला मोठा भोपळा दोन्ही हातांनी वर धरला. "हा लई जड हाय. खिसा पण तसाच उघडा, भाऊ!" लोक हसायला लागले. ज्यानं भोपळा घेतला त्यानं तो तिथंच पुन्हा देवाला दिला. दुसऱ्यांदा एका नर्सनं घेतला आणि ओरडून सांगितलं, "माझ्या स्कूटीवर मावत नाय, परत विका!" तिसऱ्या वेळी पाळकसाहेबांच्या बायकोनं बोली लावली, तेव्हा कुठं तो घरी गेला. किराणा नाही, सरपण नाही, मांडव नाही. जे पैसे आले ते सगळे उरले. दुपारी सगळे आपापल्या घरी जेवले आणि कुणाचीच तक्रार आली नाही.

उतार तयार झाला. फरशी बसवण्याइतके पैसे नव्हते, म्हणून सिमेंटच खरबरीत ठेवलं. चाकं घसरत नाहीत म्हणून तेच बरं ठरलं. व्हीलचेअर चर्चसमोरच्या दुकानवाल्या भाईंनी दिली. त्यांची आई त्याच वर्षी गेली होती. "ले जाओ बाजी, अम्मी के बाद ऐसीच पडी है," एवढंच ते बोलले. मी खुर्ची ढकलत रस्ता ओलांडला तेव्हा मला नीट दिसत नव्हतं.

पहिल्या रविवारी काकांना आणलं. काकू मागून ढकलत होत्या आणि काका डाव्या हातानं रेलिंग ओढत होते. मध्ये दम लागला तसे थांबले. वेल्डिंगवाल्यांतला धाकटा पुढं होणार, इतक्यात काकूंनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. काकांनी पुन्हा रेलिंग ओढलं आणि दोघंच वर आले. आत गाणं सुरू झालं तेव्हा त्यांचे शब्द अडखळत होते, चाल मात्र पक्की होती. पेटीवाल्यानं कुणी न सांगताच लय कमी केली. सगळी मंडळी त्यांच्या चालीनं गायली आणि ते गाणं कितीतरी वेळ चाललं.

काकू पहिल्यापासून शेवटपर्यंत बाकावर बसून होत्या. अशी पूर्ण भक्ती आपल्याला बऱ्याच वर्षांनी मिळाली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

बाहेर आलो तर चहा तयार होता. पुरुषांनीच केलेला. साखर इतकी पडली होती की ओठ चिकटत होते. काकूंनी एक घोट घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "काय बोलू नका. नायतर पुढच्या रविवारी करणार नाय ते." आम्ही दोघींनी एकेक कप आणखी मागून घेतला.