चांदूर बाजारची शिष्टाई

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, अकोल्याहून चुकून सुटलेल्या एका रेकॉर्डिंगमुळे दोन सुस्वभावी घरांमध्ये युद्धजन्य परिस्थिती निर्माण झाली असून, ती निवळावी म्हणून नवरीच्या मामाची, म्हणजे माझी, चांदूर बाजार येथे एकट्याने रवानगी करण्यात आली.

झालं असं. भाचीच्या लग्नासाठी मी पुण्याहून अकोल्याला, धाकट्या बहिणीकडे, कुसुमकडे उतरलो होतो. बोंडअळीने कापूस खाल्ल्यामुळे हे लग्न एकदा पुढे ढकललेलं. मंगल कार्यालय रद्द, छापील पत्रिकाही रद्द. पत्रिका, साड्यांचे फोटो, जेवणाचा बेत, सगळं व्हॉट्सॲपवर, दोन्ही घरांच्या एकाच ग्रुपवर. साक्षगंध (साखरपुडा) आटोपून आल्यावर कुसुमने मैत्रिणीसाठी म्हणून जे बोलून पाठवलं, ते थेट त्या ग्रुपवर गेलं.

"ईनबाई (विहीणबाई) पैठणीत बसली तं असं वाटे का जिनिंगातली (सरकी काढायच्या कारखान्यातली) कापसाची गाठच आणून ठेवली. अन् वांग्याच्या भाजीत तिखट इतकं, का माह्ये कान अजून वाजून राहिले."

घाबरून तिने ते पुसलं, पण फक्त स्वतःच्या फोनवरून. रोज सकाळी ईनबाई ग्रुपवर गुलाबाचं फूल पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी फूल आलं नाही. कुसुम जेवेना. भाची आतल्या खोलीतून बाहेर येईना. मुलगा तिला मनापासून आवडला होता. मी अक्षत घेऊन निघालो. निमित्त प्रत्यक्ष बोलावण्याचं, काम पाय धरण्याचं.

अमरावतीच्या स्टँडबाहेर गिला वडा (दही-चटणीत भिजलेला वडा) खाऊन धीर गोळा केला आणि 'चांदूर' एवढंच वाचून एसटीत चढलो. शेजारी बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन एक चाचा बसले होते. बोलता बोलता कुठे निघालो ते सांगितलं.

"बाजार को जाना है तो उतर जाव, भाईसाब. ये तो चांदूर रेल्वे को जा रही."

मी उतरत असताना त्यांनी कामही विचारून घेतलं. मी थोडक्यात सांगितलं, तेव्हा मान हलवून म्हणाले की मामाला पाठवलंय, म्हणजे प्रकरण फारच हाताबाहेर गेलेलं दिसतं.

योग्य एसटी मिळाली. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. पुढे संत्र्याच्या बागा. काही हिरव्या, काही पाण्यावाचून वाळलेल्या, तोडून सरपणासारख्या रचलेल्या. एरवी मी खिडकीतून बघत गाणं म्हणतो. त्या दिवशी क्षमायाचनेचं भाषण पाठ करत होतो.

ईनबाईंच्या अंगणात सात-आठ बाया शेवया करत बसल्या होत्या. मी फाटकातून आत आलो आणि हसणं एकदम थांबलं. माझं भाषणही तिथेच संपलं. ईनबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं, आणि समोर उभ्या राहिल्या. ताटात वांग्याची भाजी. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. तिखट झालं का, असं त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं. मी नाही म्हणालो, आणि त्यांनी आणखी वाढली. बायांचे पदर तोंडाला.

मग त्यांनी कमरेचा फोन काढून बोट दाबलं. अंगणभर कुसुमचा आवाज घुमला. गाठ, पैठणी, तिखट, सगळं. मी ताटावरून उठून पाय धरायला वाकलो.

"मामाजी, कावून (कशाला) घाबरून राहिले? लग्नाच्या पंगतीत ईनीले नावं ठेवाची आपली रीतच हाय. पण ह्या त अक्षत पडाच्या आधीच सुरू झाल्या. आमी सकायपासून जवाब जुळवून राहिलो, फुलं कोन पाठवते?"

अंगण हसून लोळलं. मीही लोळलो, निम्मा हसण्याने, निम्मा तिखटाने. माझ्यादेखत त्यांनी गळा साफ केला, बायांना चूप केलं आणि जवाब ग्रुपवर सोडला.

परतीच्या एसटीत गाणं आपोआप सुचलं. इतके दिवस फोनवर फुलं धाडत दोन्ही घरं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत होती. सोयरीक खरी जुळली ती नावं ठेवल्यावर.

अकोल्यात कुसुम दारातच उभी. ईनबाईंचं रेकॉर्डिंग आलेलं तिला दिसलं होतं, पण उघडायची छाती झाली नव्हती; फोन देव्हाऱ्यात ठेवून दिला होता. मीच आणून दाबला. भाचीही दाराआडून कान देऊन होती.

"ईनबाई, गाठीले गाठ म्हटलं, राग नाही. पण गाठ जागची हालते जिनिंगचा भोंगा वाजल्यावर. तुमचा गळा तसाच हाय. लग्नाच्या दिवशी तुमीच वाजजा, आमी वरात घेऊन निघतो."

कुसुमने डोळे मिटून ऐकलं. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की हसता हसता रडायलाच लागली, आणि भाचीकडे बघत मला म्हणाली, "काय भांडखोर बाई हाय, भाऊ! पोरगी सुखात राहीन आपली."