टायरची बाजू

आम्ही नवराबायको आठवडी बाजारांत बांगड्या विकायचो. छपराची बैलगाडी हेच आमचं घर. चाकांवरच्या लोखंडी धावांच्या हादऱ्यांनी माल फुटायचा, म्हणून गाडीला ट्रकचे जुने टायर घ्यायला चांद्याला गेलो. खोल नक्षीच्या टायरांचा भाव मी तासभर घासाघीस करून अर्ध्यावर आणला. तेवढ्यात ही गुळगुळीत टायरांच्या बाजू दाबत म्हणाली, "अजी, नक्षी काऊन पाहून राह्यले? आपल्या जंगलवाटेत तोडलेल्या बांबूचा खुंट टायरात बाजूनं घुसते. हेच घ्या, लय मजबूत हायेत!"

दुकानदार हसला. "भाऊ, बाईले माल समजते. याचा भाव कमी होत नाई."

विकणाऱ्यासमोर मालाची स्तुती! मी भडकलो, पण पूर्ण भाव दिला. जंगलवाटांवर ते टायर कधी फुटले नाहीत. निवड तिची होती, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगतो; पण तिने दुकानात तोंड उघडलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.