तीन बाय तीनचा उजेड

अकोल्यात लोक ऊन घराबाहेर ठेवायला पैसे खर्च करतात. कूलर, वाळ्याच्या ताट्या, गच्चीवर चुना, खिडक्यांना हिरवी नेट. उजेड घरात घेण्यासाठी छत फोडणारा माणूस जुन्या शहरात माझ्याआधी कुणी पाहिला नसावा. आमच्या घराचा स्लॅब कापायला सुरुवात झाली तेव्हा गल्लीतले लोक येऊन बघून जायचे. एकाने विचारलंच, "साहेब, मे महिन्यात काय करान? घरात छत्री घेऊन झोपान का?" सरकारी खात्यात बत्तीस वर्षं मी इमारती उभ्या केल्या आणि काही पाडल्याही. कामाच्या जागी उभं राहून फुकट सल्ला देणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, एवढं त्या नोकरीने शिकवलं होतं.

घर तीन खोल्यांचं. समोरची खोली, मधली खोली आणि मागे स्वयंपाकाची, एकामागे एक. दोन्ही अंगांना आता शेजाऱ्यांच्या भिंती. वडिलांनी मिलच्या पगारातून ते घेतलं होतं, तेव्हा वर टिनपत्रे होते. माझी नोकरी पक्की झाल्यावर मी पत्रे काढून स्लॅब टाकला. स्वतः उभं राहून टाकून घेतला, सळया मोजून. मधल्या खोलीला उजेड कुठून येणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, कारण पूर्वेच्या भिंतीत उंचावर एक खिडकी होती आणि खिडकीपलीकडे शेजाऱ्याची मोकळी जागा होती.

त्या खिडकीखाली माझी माय वाचायला शिकली. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. वडील मिलमधून आले की पाटी घेऊन बसायचे आणि ती एका हाताने मला थोपटत दुसऱ्या हाताने 'क' गिरवायची, असं वडील सांगायचे. पुढे ती इतकं स्वच्छ वाचायला लागली की वर्षावासाच्या तीन महिन्यांत गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया दुपारी आमच्याकडे यायला लागल्या. विहार पुलापलीकडे, पावसात त्यांना तिथवर जाणं होत नसे. दहा-बारा जणी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसायच्या, आधी वंदना व्हायची आणि मग माय ग्रंथ वाचायची. दरवर्षी तेच ठरलेले भाग, त्याच क्रमाने. असं तीसेक वर्षं चाललं. गल्लीतल्या बाकीच्या बाया अमक्याची आई किंवा तमक्याची घरवाली. माझी माय मात्र 'वाचणारी बाई'. वडील गेले, मी अमरावतीला बदलून गेलो तो तिथलाच झालो, ती एकटी राहिली. माझ्याकडे यायला ती तयार नव्हती. "तिथं मले कोण ऐकन?" म्हणायची. वाचणं ही तिची पत होती. खरं सांगायचं तर तेच तिचं जगणं होतं.

शेजाऱ्याने मोकळ्या जागेवर दोन मजले चढवले आणि आमची खिडकी बुजली. त्याच पावसाळ्यात मायचा फोन आला. "बाबू, मधल्या खोलीत लय अंधार झाला रे. अक्षरं दिसून नाही राहिले."

मी फोन ठेवला आणि चिडलो. मला चिडायला फार वेळ लागत नाही, हे घरातले सगळे जाणतात. शेजारी माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एका पतंगामागे धावलेलो. पण मी अकोल्याला गेलो ते थेट त्याच्या दारात उभा राहिलो आणि बांधकामाचे नियम त्याला पाठ म्हणून दाखवले. तो म्हणाला, "जागा माही, भिंत माही. तुमाले काय करायचं ते करा." मी केलं. महापालिकेत अर्ज दिला, नकाशा जोडला, स्मरणपत्रं पाठवली. अमरावतीत बसून उंटावरून शेळ्या हाकत राहिलो. दीड वर्ष त्यात गेलं. शेजाऱ्याशी बोलणं बंद झालं, भिंत होती तिथेच राहिली.

मध्यंतरी मी खोलीत दोन ट्यूब लावल्या, नंतर मोठे एलईडी. माय म्हणायची, "लाइटचा उजेड मानवत नाही मले. दिवसाचा तो दिवसाचा." मला तिचं म्हणणं पटायचं. दिवसाच्या उजेडाची सर कशाला नसते, हे मी स्वतःच चार ठिकाणी बोलून दाखवायचो.

एका उन्हाळ्यात आम्ही नवराबायको तिच्याकडे राहून परत निघालो. बसमध्ये बायको म्हणाली, "आईचे डोळे एकदा दाखवून घ्या. काल त्या दारासमोरच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या. भर उन्हात बसून खडे बोटांनी शोधून राहिल्या होत्या, ताटाकडं पाहतच नव्हत्या."

"पन्नास वर्षांचा हात आहे तिचा," मी म्हणालो. "घरात उजेड नाही तर डोळे काय करतील बिचारे?"

"ओटा घरात नाही ना पण," ती म्हणाली.

मी आवाज चढवला. आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. ती मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. आज वाटतं, तिने माझ्याशी भांडायला हवं होतं. पण माझ्याशी भांडून कुणाचं भलं झालंय, असं तिलाही वाटलं असेल.

निवृत्तीनंतर मला नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात छताचं काम पाहायला बोलावलं होतं. त्या शेडचं छत करवतीच्या दात्यांसारखं होतं आणि प्रत्येक दात्याच्या उत्तरेच्या बाजूला काच. ऊन आत येत नव्हतं, नुसता उजेड येत होता. खाली बाया कापड पसरून त्यातले दोष शोधत होत्या, एकेक सुटलेला धागा. मी तिथेच ठरवलं. असा एक दाता मायच्या खोलीवर बसवायचा.

खर्च पाऊण लाखाच्या घरात गेला. तीन फूट बाय तीन फूट स्लॅब मशीनने कापायचा, कापलेल्या सळयांचं बळ भरून काढायला खालून दोन लोखंडी गर्डर द्यायचे, वर विटांचा कठडा, त्यावर लोखंडी पेटी, पेटीच्या उत्तरेला जाड काच, पाणी मुरू नये म्हणून केमिकल. एरवी मी सिमेंटच्या गोणीमागे पाच रुपयांसाठी वाद घालणारा. या कामात एका शब्दाने घासाघीस केली नाही. मायसाठी काहीतरी करतोय, याचा आनंद होता आणि थोडी मिजासही होती.

सामान वर न्यायला आमच्या घराला जिना नाही, नुसती उभी लोखंडी शिडी. शेजाऱ्याच्या गच्चीवरूनच न्यावं लागणार होतं. त्याच्या दारात पुन्हा उभं राहणं मला किती जड गेलं, ते मलाच माहीत. तो चहा पीत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घ्या ना. गच्ची काय मी डोक्यावर घेऊन जाणार हाव? मायले एवढं सांगा, भिंत उठवताना माह्या मनात काई नव्हतं." मी मान हलवली. अर्ज मात्र मागे घेतला नाही.

आषाढी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी काम संपलं. कारागिराने वरची प्लायवूडची फळी सरकवली आणि मधल्या खोलीत उजेड उतरला. त्या खोलीची फरशी हिरवट होती हे मी विसरून गेलो होतो. भिंतीवरचा ओलाव्याचा डाग दिसला, कोपऱ्यातली जाळी दिसली, वडिलांच्या फोटोची चौकट किती विटलीय ते दिसलं. माय खाटेवर बसली होती. मी विचारलं, "कसं वाटते, माय?"

तिने तोंड वर केलं, जरा उशिराच. "चांगलं हाय," म्हणाली. "लय उजेड आला."

पौर्णिमेला दुपारी बाया आल्या. छताकडे पाहून कौतुक करत बसल्या. आजवर मी कधी मायच्या वाचनाला बसलो नव्हतो, सुटीच्या दिवशी ते चालू असलं तर ओट्यावर जाऊन पेपर चाळायचो. त्या दिवशी मुद्दाम तिच्या मागे जाऊन बसलो. ऐकायला नव्हे, माझं काम बघायला. कागदावर उजेड कसा पडलाय ते पाहत होतो. सावली नाही, चमक नाही, शाईचा ठिपकान् ठिपका स्पष्ट. फार बरं वाटलं. त्या भरात मी तिच्या खांद्यावरून एक ओळ वाचली.

माय दुसरंच काहीतरी म्हणत होती.

मला वाटलं, ती खालच्या ओळीवर असेल. मी खाली पाहिलं, वर पाहिलं, समोरचं पान पाहिलं. ती म्हणत होती ते कुठेच नव्हतं. तिचा आवाज मात्र स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. बोट ओळीवरून सरकत होतं. थोड्या वेळाने तिने बोट ओलं करून अगदी वेळेवर पान पलटलं. त्या पानावरही ते नव्हतं. समोर बाया डोळे मिटून, हात जोडून ऐकत होत्या. मग ती एका वाक्यावर थांबली, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "आज इथंवरच, बायांनो." बाया उठल्या. त्यांच्या बोलण्यावरून कळलं, गेली दोन-तीन वर्षं ती अशीच चष्मा पुसून मध्येच थांबायची आणि अंधाराचं नाव सांगायची.

सगळ्या गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो. "माय, पान कोणतं होतं?"

तिने ग्रंथ मिटला. मग म्हणाली, "पाठ हाय मले."

"दिसत नाही का तुला?"

"तुहं तोंड नाही दिसत. आवाजावरून समजते."

"काहून नाही सांगितलं मग?"

"सांगतलं त होतं. अंधार झाला म्हणून फोन नव्हता का केला? तू भिंतीसंग भांडत बसला." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सहन होईना. "मंग मलेई वाटलं, असन बापा खोलीतच अंधार. तू इंजिनेर माणूस, तुले समजत असन. परवा त्यानं वरून फळी काढली, तुमी सगळे बोलायले लागले उजेड आला म्हणून. तवा मले समजलं."

मी तिथे बसून रडलो. साठी उलटलेला माणूस, मायच्या खाटेखाली फरशीवर. ती माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली तो आधी कानावर पडला, मग तिने तो वर सरकवला.

दुसऱ्या आठवड्यात अमरावतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. केसपेपर काढायला जे पैसे लागले त्याहून जास्त रिक्षाला लागले होते. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तपासलं, पुन्हा तपासलं आणि मला बाजूला बोलावलं. काचबिंदू. डोळ्याची नस सुकली आहे. गेलेली नजर परत येत नाही, औषधाच्या थेंबांनी उरलेली राखायची. "तीनेक वर्षांपूर्वी आणायला हवं होतं आजींना," ती म्हणाली. तीन वर्षांपूर्वी मी अर्जाला नकाशा जोडत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामांबद्दल हसत हसत म्हणत आलो होतो. बायको सोबत होती. बसमधलं बोलणं तिने काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

अकोल्याला परतल्यावर मी आधी महापालिकेत जाऊन अर्ज मागे घेतला. तो कागद शेजाऱ्याला नेऊन दाखवला आणि त्याच्या भिंतीची चूक नव्हती हे सांगितलं. त्याने कागद वाचला नाही. मायला किती दिसतं, एवढंच विचारलं.

आणि मायने त्याच दुपारी बायांना आपणहून सांगून टाकलं. "मले दिसत नाही. पाठ हाय तेवढं म्हणून राहिली होती. पुस्तक नुसतं मांडीवर होतं." मला वाटलं होतं, त्या कुजबुजतील, येणं कमी करतील. सगळ्यांत म्हातारी होती ती म्हणाली, "म्हण ना मंग. आमाले तरी कुठं वाचता येते?" पण मायला ते पुरेसं नव्हतं. खोटं पान समोर ठेवून यापुढे बोलणार नाही, म्हणाली. ग्रंथ उघडा पाहिजे तो बरोबर पानावर, आणि ती अडेल तिथे कुणीतरी खरं काय लिहिलंय ते सांगितलं पाहिजे.

ते काम मी घेतलं. आता वर्षावासाचे तीन महिने मी अकोल्यालाच राहतो. दुपारी तीनला बाया येतात, ग्रंथ माझ्या मांडीवर असतो, माय शेजारी बसून म्हणत जाते आणि मी ओळीवरून बोट फिरवत राहतो. ती फार कमी वेळा चुकते. मेमध्ये खोली तापते, हे गल्लीतल्या त्या माणसाचं खरं निघालं. मग मी अमरावतीहून येऊन गच्चीवर चढतो आणि काचेवर गोणपाट टाकून जातो.

परवा वाचन चालू असताना पाऊस जोरात आला. काचेच्या सांध्यातून पाणी झिरपतंय का, ते मी मान वर करून पाहत बसलो. जुनी खोड. केव्हातरी जाणवलं की खोलीत कुणी बोलत नाहीये. माय पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत येऊन थांबली होती. समोरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या.

"पान पलट ना," माय म्हणाली. "मले नाही दिसत, तुले त दिसते ना?"

मी पान पलटलं.