चौदा क्लब आणि एक खिळा

जगाच्या पाठीवर ज्या ज्या देशात गवत उगवतं, त्या त्या देशात आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थानं गोल मारलेला आहे, आणि जिथे गवत उगवत नाही तिथेही एक हंगाम काढलेला आहे. हा मूळचा कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा. बेट इतकं लहान की, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, गोलकीपरनं जरा जोरात किक मारली तर चेंडू आणायला होडी काढावी लागते. तिथून एकोणिसाव्या वर्षी हा जो निघाला तो होंडुरास, फिनलंड, माल्टा, व्हिएतनाम, ओमान असे देश आणि एकूण तेरा क्लब पालथे घालून चौदाव्या क्लबासाठी एका जानेवारीत जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या आमच्या खेड्यात, थेट आमच्या डोक्यावर राहायला आला. मी इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की चेंडू एक असतो आणि तो हवा असणारे बावीस. तरीही या माणसाविषयी मी अधिकारानं बोलतो, कारण सहा महिने त्याची पावलं मी छतातून ऐकली आहेत.

पहिली भेट जिन्यात झाली. सव्वासहा फूट उंचीचा काळाभोर माणूस खांद्यावर दोन बॅगा घेऊन वर येत होता. मी अंग चोरून भिंतीला लागलो आणि जर्मन रिवाजाप्रमाणे पुटपुटत 'हालो' म्हणालो. त्यानं दारावरची आमची पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय भावा, जेवलास काय?" माझ्या हातातली भाजीची पिशवी जिन्यावरून खाली गेली. आतून बायको धावत आली. ती कोल्हापूरची. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी फुटबॉल खेळतात आणि त्यासाठी परदेशांतून खेळाडू आणतात, हे पुणेकर असल्यामुळे मला माहीत नव्हतं आणि लग्न झाल्यापासून आठवड्यातून तीनदा कळत होतं. तर या गृहस्थाचा नववा क्लब म्हणजे कोल्हापुरातली एक तालीम. तिथे तो पाच महिने राहिला, तांबडा रस्सा प्यायला, आणि मराठीची सात वाक्यं शिकून आला. त्यातली चार चारचौघांत बोलण्यासारखी होती; बाकी सगळं इंग्रजीत चालायचं. बायकोला तो पहिल्याच मिनिटाला 'वहिनी' म्हणाला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात माझं मत विचारणं बंद झालं. रविवारी मटण शिजलं की हुकूम यायचा, "अरे, वर जाऊन विचार की, जेवला काय म्हणून!"

वर गेलं की पहिलं लक्षात यायचं ते म्हणजे त्याच्या घरात काहीच नव्हतं. एक पलंग, एक खुर्ची, आणि कोपऱ्यात दोन उघड्या बॅगा. कपडे बॅगेतून अंगावर आणि अंगावरून बॅगेत. कपाट वापरायचं नाही, पडदे लावायचे नाहीत, भिंतीत खिळा तर मुळीच ठोकायचा नाही. "खिळा ठोकला की क्लब बुडतो," असं त्याचं ठाम म्हणणं. माल्टात त्यानं एकदा टोपी अडकवायला खिळा ठोकला होता. तिसऱ्या दिवशी क्लबाचा मालक बेपत्ता झाला. मी त्याला हसलो खरा, पण आमच्या लग्नाचा फोटो सहा वर्षं कपाटाच्या वर भिंतीला टेकून उभा होता, कारण पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला परत जाणारच होतो.

आमची घरमालकीणबाई तळमजल्यावर राहते. वय ऐंशीच्या घरात, शिस्त लष्करातली. आमच्या भागात केरवोखं नावाची प्रथा आहे. आठवडाभर जिन्याची झाडलोट ज्याच्याकडे, त्याच्या दाराला तसं लिहिलेली एक छोटी लाकडी पाटी लटकते, आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दाराला जाते. वरच्याला हे कुणी सांगितलंच नाही. त्यानं आदल्या दिवशी आपल्या नव्या क्लबासाठी पहिल्याच सामन्यात दोन गोल मारले होते. सकाळी दार उघडून बघतो तर दाराला सुबक अक्षरांची पाटी. गावानं केलेला हा सन्मान पाहून गडी विरघळला. पाटी छातीशी धरून तो क्लबाच्या खानावळीत गेला, तिथे सगळ्यांना दाखवली, आणि सरावानंतर एक छोटंसं भाषणही केलं. टीममध्ये एक बेकरीवाला, दोन मास्तर आणि एक दंतवैद्य. ते सगळे हे भाषण माना खाली घालून, ओठ चावत ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. इकडे मालकीणबाई दारोदार पाटी शोधत होत्या. अखेर मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे झाडू पण मीच आणायचा?" आणि त्या शनिवारी त्यानं जिना असा काही धुतला की मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून पाहिलं. "आल्झो," म्हणजे 'बरं तर', त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत हा कोपरा मला कुणी दाखवला नव्हता." पुढच्या रविवारी त्या बसायची गादी काखोटीला मारून मैदानावर हजर. आयुष्यातला तो त्यांचा पहिला फुटबॉल सामना.

मैदानावर हा माणूस धावायचा नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी, गुडघ्याच्या डॉक्टरनं 'हा हंगाम शेवटचा' असं बजावलेलं असताना, धावणं त्यानं तरुणांवर सोपवलं होतं. तो बोलायचा. त्याच्यावर पहारा द्यायला जो कुणी बचावपटू असेल त्याच्या शेजारी उभं राहून तो आपली कहाणी सुरू करायचा. ओमानमध्ये उंटानं खाल्लेला करार, फिनलंडमध्ये बर्फात हरवलेला पेनल्टीचा ठिपका, कोल्हापुरात गोल मारल्यावर खांद्यावरून निघालेली मिरवणूक आणि त्या मिरवणुकीत हरवलेला बूट. पोरगं ऐकत राहायचं, 'मग बुटाचं काय झालं?' असं विचारायचं, तोवर चेंडू यायचा, आणि हा मोठ्या मायेनं 'एक मिनिट हं' म्हणून गोल मारून परत यायचा. राहिलेली गोष्ट सांगायला तो कधी विसरला नाही.

असा हा हसता खेळता माणूस एकाच गोष्टीपुढे हळवा व्हायचा. ती मला एका रविवारी कळली. वर मटणाचा डबा द्यायला गेलो तेव्हा तो आईशी व्हिडिओवर बोलत होता. म्हातारी ठणठणीत, आवाज याच्याहून मोठा. तिच्या मागच्या भिंतीवर येशूचं चित्र, दुसऱ्या बाजूला दिनदर्शिका, आणि दोहोंच्या मध्ये एक रिकामा खिळा. फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं. हा घरातून निघाला त्या दिवशी आईनं तो ठोकला होता. "पहिल्या टीमचा फोटो आला की इथे लावीन," म्हणाली होती. आता प्रत्येक क्लब टीमचा फोटो काढतो तो हंगामाच्या सुरुवातीला, आणि हा नेहमी नंतर यायचा आणि पुढच्या सुरुवातीच्या आत निघालेला असायचा. फिनलंडमध्ये वेळेवर पोचला, तर फोटोच्या दिवशी व्हिसाच्या रांगेत. व्हिएतनाममध्ये फोटोत होता, पण बुटाची नाडी बांधायला वाकलेला, म्हणजे फोटोत फक्त पाठ. कोल्हापुरात आदल्या दिवशी रश्श्याची पाचवी वाटी घेतली आणि फोटोच्या वेळी तो कुठे होता हे त्यानं सांगितलं नाही. आपल्या देशाकडूनसुद्धा खेळला, पण बदली म्हणून. फोटो पहिल्या अकरांचा. समुद्राच्या हवेनं खिळा गंजतो, म्हणून आईनं वीस वर्षांत तो दोनदा बदलला होता. "एवढे गोल मारले, भावा," तो म्हणाला, "पण मी कुठल्या टीममध्ये होतो, याचा तिच्याकडे काही पुरावाच नाही."  मी डबा ठेवला आणि खाली आलो.

आमच्या क्लबाचाही त्या हंगामाचा फोटो आदल्या जुलैतच काढून झाला होता. पण एक वाट उरली होती. आपल्या लीगमध्ये पहिली येणाऱ्या टीमचा इथे दुसरा फोटो काढतात, हंगामाच्या शेवटी, आणि तो खानावळीत कायमचा लागतो. जून आला तेव्हा आमचा क्लब दुसरा होता. शेवटचा सामना होता पहिल्या क्रमांकाच्या टीमशी. बरोबरी झाली तर ते पहिले, जिंकलो तर आम्ही. गाव त्या रविवारी लोटलं होतं. मालकीणबाई गादीसह पहिल्या रांगेत, बायको त्यांच्या शेजारी, आणि मी दोघींचा दुभाषा.

समोरची टीम तयारीनिशी आली होती. वरच्यावर पहारा द्यायला त्यांनी जो दांडगा गडी ठेवला होता तो आमच्याच कारखान्यातला, पत्र्यांना आकार देणाऱ्या प्रेस शॉपमधला. वरच्यानं नेहमीप्रमाणे उंटापासून सुरुवात केली. गडी ढिम्म. मग फिनलंड झालं, मिरवणूक झाली, बूट झाला. काही नाही. तेव्हा माझं लक्ष त्याच्या कानांकडे गेलं. कारखान्यात यंत्रांच्या आवाजासाठी देतात ते पिवळे फोमचे बोळे त्यानं दोन्ही कानांत घातले होते! ही युक्ती त्यांच्या प्रशिक्षकाची. वरच्याच्या वीस वर्षांच्या कमाईवर कुणीतरी दोन बोळ्यांनी पाणी फिरवलं होतं. ऐंशी मिनिटं झाली, एकही गोल नाही. गुडघा धरून तो लंगडायला लागला. बायकोनं माझा दंड इतका आवळला की वळ दोन दिवस राहिले. "ह्यो आज जिंकला पायजे," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या जर्मनीनंतर तिचं कोल्हापूर असं उघडं पडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

शेवटची दोन मिनिटं होती. दंतवैद्यानं मधून एक उंच चेंडू टाकला. वरच्याचं तोंड हलायचं थांबलं होतं. गड्याला वाटलं, थकला. तो चेंडूकडे बघत सावकाश मागे सरकू लागला. तेवढ्यात हा त्याच्या पाठीमागून निघाला. धावला म्हणवत नाही, पण निघाला. त्यांच्या गोलकीपरनं जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं, "मागे बघ! मागे!" साऱ्या गावाला ऐकू गेलं. पलीकडच्या गावातही गेलं असेल. एकट्या त्या गड्याच्या कानांत बोळे होते. वरच्यानं छातीवर चेंडू घेतला, खाली टाकला आणि हळूच, मुलाला झोपवावं तसा, जाळ्यात सारला.

शेवटची शिट्टी झाली आणि पुढचं मला नीट आठवत नाही. बेकरीवाला रडत होता. मालकीणबाई गादी हवेत फेकून "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे 'बरोब्बर! बरोब्बर!' असं ओरडत होत्या, आणि बायको मैदानाच्या मधोमध गुलाल नाही म्हणून तिखटाच्या डब्यातली मटण-मसाल्याची पूड उधळत होती. ती तिनं मैदानावर कशासाठी आणली होती हे मी आजवर विचारलेलं नाही. मग टीम फोटोसाठी दोन ओळींत उभी राहिली. फोटो काढायचा मान पाहुणा म्हणून मला मिळाला. मी कॅमेऱ्यातून बघतो तर वरचा नाही!  पंधरावा क्लब लागलाही की काय? सगळे हाका मारायला लागले. पाच मिनिटांनी तो कपडे बदलायच्या खोलीतून लंगडत बाहेर आला. तोंड धुतलेलं, केस ओले, अंगावर धुतलेली कोरी जर्सी. "चिखलातला फोटो आई लावणार नाही," तो म्हणाला. त्याला मधोमध बसवलं. वीस वर्षांत टीमच्या फोटोत कसं बसायचं ते तो शिकलाच नव्हता. हात कुठे ठेवायचे हे त्यानं दोन्ही बाजूंना विचारलं. मी एकूण साठ फोटो काढले. डोळे पुसायला मध्ये थांबलो ते वेगळं.

जूनअखेर तो निघाला, पण या वेळी पंधराव्या क्लबाकडे नाही, घरी. मालकीणबाईंनी निरोपाला त्याच्या हातात केरवोख्याची ती पाटी ठेवली. "ही तुमचीच होती," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला तो म्हणाला, "येतो भावा," आणि दोन्ही बॅगा खांद्यावर टाकून जिना उतरला.

ऑगस्टमध्ये त्याच्या आईच्या घरून फोटो आला. येशूचं चित्र, दिनदर्शिका, आणि मध्ये, खिळ्यावर, मधोमध बसलेला आमचा वरचा, हात अखेर मांडीवर ठेवलेले. त्याखाली नवीन ठोकलेल्या दुसऱ्या खिळ्यावर पाटी. आणि खाली त्याचा निरोप: आई आता दर शनिवारी माझ्याकडून अंगण झाडून घेते.

त्या रविवारी मी ड्रिल काढलं. जर्मनीत रविवारी ड्रिल चालवणं म्हणजे मोठा गुन्हा. दोन मिनिटांत मालकीणबाई दारात. त्यांनी माझ्या हातातलं ड्रिल पाहिलं, आता भिंतीवर टांगलेला आमच्या लग्नाचा फोटो पाहिला. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "डावीकडे जरा खाली आलाय." मी तो सरळ केला. वर सगळं शांत होतं.