बाब्याचा लगाम

भातकुलीजवळच्या त्या खेड्यात सूर्यभानशी गोडीनं बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. म्हातारा होताच तसला तिरसट. पुण्याच्या रेसच्या तबेल्यात त्यानं घोड्यांची निगा राखणारा सईस म्हणून उभी हयात काढली, आणि गावी परतताना ट्रकमध्ये घालून आणलं काय? तर एक लंगडता, रेसमधून काढून टाकलेला घोडा! शेतात डवऱ्याला चालत नाही, गाडीला चालत नाही, आणि चंदीला हरभरा मात्र निवडलेला पाहिजे. गाव पोट धरून हसलं. म्हाताऱ्यानं गावाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. फिट्टंफाट झाली.

घोड्याचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. सूर्यभान त्याला बाब्या म्हणायचा. बाब्या जिंकत होता तोवर त्याचे शेठ गाजरं घेऊन येत, त्याच्या गळ्यात पडून फोटो काढत. पायाची शीर गेली आणि शेठ फिरकेनासेच झाले. कुणाला तरी देऊन टाका, असा नुसता निरोप आला. "मालक म्हणवते लेकाचे!" सूर्यभान थुंकला आणि त्यानं बाब्याला मागून घेतलं. आता मालक तो. बाब्याला खरारा केल्याशिवाय तो सकाळचा चहा तोंडाला लावत नसे. बायको वारली तेव्हा नातलगांसमोर त्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. गोठ्यात जाऊन बाब्याच्या मानेत तोंड खुपसून ढसाढसा रडला. माणसांच्या वाट्याला मात्र त्याच्याकडे शिव्यांखेरीज काही उरलं नव्हतं.

शेजारी खुशालराव, शेताच्या धुऱ्याला धुरा लागलेला. एकदा बाब्या सुटला आणि त्यांच्या तुरीत शिरला. खुशालरावांनी दगड भिरकावला, तो बाब्याच्या डोळ्याखाली लागला. सूर्यभान काठी घेऊन थेट त्यांच्या अंगणात. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही थुंकायचे, एवढाच काय तो रामराम. मग खुशालरावांनी ग्रामपंचायतीत अर्ज टाकला: हा घोडा चावतो, नासधूस करतो, त्याला गावाबाहेर काढा. भराभर सह्या झाल्या. गाव टपूनच बसलं होतं.

अशातच खुशालरावांच्या पोराचं, शिवमचं, लग्न निघालं. लग्नाची तीथ एवढी दाट की अमरावतीपासून अकोल्यापर्यंत वरातीची एकही घोडी मोकळी मिळेना, आणि शिवम तर घोड्याशिवाय मांडवात यायला तयार नाही. तेव्हा सूर्यभानच्या पोरानं, पियुषनं, मधे पडून सौदा ठरवला. बाब्या वरातीला द्यायचा, खुशालरावांनी अर्ज मागं घ्यायचा.

"बाबा, एका संध्याकायचं काम हाय. नाई म्हणसान तं बाब्या गेलाच समजा गावातून."

सूर्यभाननं गोठ्यात जाऊन बाब्याच्या डोळ्याखालच्या वणावरून हात फिरवला. मग म्हणाला, "देतो. पण दोरी माया हातात राहीन. अन् त्या खुशाल्यासंग मी एक शब्द बोलनार नाई."

आता यात एक मेख होती, ती फक्त सूर्यभानला माहीत. बाकीचे घोडे लगाम ओढला की थांबतात; बाब्या पळायचा. रेसमध्ये त्याला शिकवलंच होतं तसं. लगाम ताणला, की जॉकी तयार, आता धाव. ढिला सोडला, की संपलं, थांब. शिवमला हे आधीच सांगायला हवं होतं. पण म्हाताऱ्याच्या मनात अढी. विचारतीन तं सांगीन! दोरी आपल्याच हातात आहे, मग आपण होऊन कशाला त्यांच्या दारात जा?

वरात निघाली. बाब्याच्या पाठीवर झूल, शिवमच्या तोंडावर मुंडावळ्या. बँडवाले कानाशी येऊन वाजवू लागले तसा सूर्यभान भडकला. "मांगं सरका बे, बयताडहो! जनावर हाय ते!" पाहुण्यांदेखत हा तमाशा! खुशालरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी पुतण्याला, रोहितला, हुकूम सोडला, "घे ते दोरी. नवरदेवाचा घोडा वैऱ्याच्या हाती कायले पाह्यजे?" रोहितनं दोरी हिसकली. म्हातारा धडपडला. लोक हसले.

तेवढ्यात फटाक्यांची माळ पेटली. बाब्या थरथरला. शिवम घाबरला आणि त्यानं दोन्ही हातांनी लगाम ओढला. झालं! रोहितच्या हातातून दोरी सटकली, बाब्या सुटला.

"ढिला सोड! लगाम ढिला सोड, शिवम!" सूर्यभान जीव खाऊन ओरडत धावला.

"आयकू नको त्याचं!" मागून खुशालराव किंचाळले. "पाडाले पाहून रायला तो तुले! ओढ! जोरानं ओढ!"

पोरानं बापाचं ऐकलं. जितका ओढला तितका बाब्या पेटला. खोटं कशाला सांगा, त्याला तसं धावताना पाहून क्षणभर म्हाताऱ्याची छाती भरून आली. मग वळण आलं. शिवम उडून कुटाराच्या, भुशाच्या ढिगात पडला, खरचटण्यावर निभावलं. बाब्याच्या पुढच्या पायात मात्र लोंबता लगाम अडकला आणि तो नाल्यावरून जाणाऱ्या सिमेंटच्या रपट्यावर तोंडघशी आदळला. पाय मोडल्याचा आवाज मागच्यांनाही ऐकू आला.

जनावरांचे डॉक्टर आले, पाहिलं, मान हलवली. इंजेक्शन द्यायचं ठरलं. सूर्यभाननं बाब्याचं डोकं मांडीवर घेतलं. "उठ ना रे बाब्या... उठ ना बाप्पा," एवढंच तो पुटपुटत होता. बाब्याचा श्वास थांबला तरी त्याच्या कपाळावरचा हात त्यानं काढला नाही.

फेटा हातात घेऊन खुशालराव जवळ आले. किती वर्षांनी आले!

"सूर्यभान, तू खरंच ढिला सोडाले सांगत होता?"

"हाव."

"मंग आदी काहून नाई सांगितलं रे? घरी येऊन एका शब्दानं सांगाचं होतं."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. गावाला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार.

"कसा सांगू?" सूर्यभान म्हणाला. "आपलं बोलनं बंद होतं ना."