तिसऱ्या मजल्यावरची वाफ

इचलकरंजीहून निघाले तेव्हा बाबा ट्रॅव्हल्सच्या गाडीच्या पायरीवर उभे राहून बोलत होते. मला एकटीला नाही, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या गेटवर आयुष्यभर कामगारांच्या सभा घेतलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. "शिकायला चाललीस, शिक. पण कुठंही गेलीस तरी मालकाकडचा चहा घ्यायचा नाही. घशाखाली गेला की आवाज बसतो." त्यांच्या मागून आई एवढंच म्हणाली, "आणि तिकडं जाऊन भांडू नकोस." क्लीनर म्हणाला, "काका, उतरा आता," आणि गाडी हलली.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी लिहितेय. आणि अशाच कुठल्या तरी गाडीत बसून जे निघाले, त्यांच्यासाठीही. दमलेय, म्हणून सरळच लिहिते. मी भांडतेय. आणि जिंकत नाहीये.

तिकडे असताना भांडण म्हणजे गेट, झेंडा आणि समोर मालक. पत्रकाचं पहिलं वाक्य लहान ठेवायचं, दुसऱ्यात मागणी, हे मी शाळेत असताना घड्या घालता घालता शिकले. इथे जर्मनीत, कोलोनमध्ये, मालक दिसतच नाही. आमच्या इमारतीचा मालक कुठे राहतो हे कोणालाही माहीत नाही. दिसते ती हाउसफरवाल्टुंग, म्हणजे त्याच्या वतीने इमारत सांभाळणारी कंपनी, आणि तिचा एक माणूस, हेर क्राउझ. हेर म्हणजे इथलं श्रीयुत. तो ओरडत नाही. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत मान डोलावतो, आपलं सगळं ऐकून घेतो आणि शेवटी त्याला हवं तेच लिहितो. ओरडणाऱ्या माणसाशी भांडायचं शिक्षण मला होतं. मान डोलावणाऱ्याचं काय करायचं, हे आपल्या एकाही पत्रकात नव्हतं.

भांडण भिंतीचं आहे. इमारतीच्या मागच्या भिंतीत पाणी मुरतं आणि प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघराचा कोपरा बुरशीने काळा होतो. कंपनीचं म्हणणं एकच, तुम्ही लोक खिडक्या नीट उघडत नाही. खिडकी उघडण्याला इथे नाव आहे, श्टोसलुफ्टन. बाहेर बर्फ असला तरी दिवसातून दोनतीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि कुडकुडत उभं राहायचं. आपल्याकडे भिंत ओली झाली की माणसं गच्चीवर जाऊन बघतात. इथे आधी भाडेकरूच्या सवयी बघतात. त्यातून भाडेकरूचं नाव परकं असलं, की सवय सापडतेच.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम आटोपून संध्याकाळी भाडेकरूंच्या गटाची पत्रकं घेऊन जिने चढते. इथल्या मराठी मंडळातली माझी मैत्रीण 'तर मग'साठीही जर्मन शब्द वापरत म्हणते, "आल्झो, घर बदल ना सरळ. तुला कशाला पडलंय जगाचं?" जशी काही घरं झाडाला लागलीयत.

अशीच एकदा तिसऱ्या मजल्यावर गेले. दार हलीमा आपाने उघडलं. साठीची बाई, मूळची काश्मीरमधल्या सोपोरची. मुलगा इम्तियाज इथे नोकरीला, त्याच्याकडे राहते. मी पत्रक पुढे केलं आणि माझ्या सायझिंगछाप हिंदीत म्हणाले, "दो मिनट का काम है." ती म्हणाली, "दो मिनट में तो पानी भी गरम नहीं होता. अंदर आओ."

गालिच्यावर कापड अंथरलं गेलं. तुर्की बेकरीतले तिळाचे पाव आले. काश्मिरी रोटी इथे मिळत नाही, त्याची तिने आधी माफी मागितली. मग बिनकानाच्या पेल्यात गुलाबी चहा आला. मी मोठा घोट घेतला. मिठाचा. मला वाटलं बाईचा हात चुकला, म्हणून चेहरा सरळ ठेवून गिळला. ती बघतच होती. "शक्कर ढूँढ रही हो?" म्हणाली आणि खूप हसली. नून म्हणजे मीठ. हा नून चहा. पहिला पेला आजारपणातल्या पेजेसारखा लागला. दुसरा बरा लागला. तिसऱ्याला मी पाव बुडवायला शिकले. नको नको म्हणून काही होत नाही; पेल्यावर तळहात ठेवला तरच ती ओतायची थांबते.

दुसरा पेला संपेपर्यंत, का आलीस हे तिने विचारलं नाही. कॉलेजात मी काश्मीरवर पत्रकं वाटली होती, घोषणा दिल्या होत्या. काश्मिरी माणूस मात्र एकही ओळखत नव्हते. त्या संध्याकाळी तिच्यापुढे न्यायाचं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "पहले रोटी लो. ठंडी हो रही है." मी पाव उचलला.

मग मी दर आठवड्याला जायला लागले. पत्रकाचं निमित्त. तिचा तांब्याचा समोवार, चहा उकळायचं उंच भांडं, फ्रिजवर नुसता ठेवलेला असतो. त्यात निखारे घालायचे असतात, आणि इथे छताला धूर झाला की वाजणारा भोंगा. म्हणून चहा पातेल्यात. हिरवी पत्ती चिमूटभर सोडा घालून तासभर उकळते, पाणी कोकमासारखं लाल होतं, दूध पडलं की गुलाबी. या तासभरानेच घात केला.

हेर क्राउझ भिंत तपासायला येणार असं कळलं, तेव्हा मी आपा आणि इम्तियाज दोघांना समोर बसवून सांगितलं. शेगडी थंड पाहिजे. खिडक्या उघड्या. तो भिंतीची ओल मोजेल आणि जाईल. चहा नाही. इम्तियाज म्हणाला, "अम्मी, बस एक दिन." आपा उठून पेले विसळायला लागली. मी ते हो समजले.

त्या दिवशी ऑफिसातून पळत आले, तर जिन्यातच वास. वर स्वयंपाकघराची काच वाफेने पांढरी. आणि हेर क्राउझ गालिच्यावर बसलेला. बूट काढून, मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून. किती पेले झाले होते कोणास ठाऊक, कारण तळहात ठेवायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चहा त्याला आवडला होता, खोटं कशाला बोलू. मग तो उठला, आभार मानले, भिंतीला यंत्र लावलं, उकळत्या पातेल्याचा फोटो काढला आणि हळूच म्हणाला, "गेनाऊ."

कंपनीने कळवलं, या घरात सतत पाणी उकळतं, बुरशी त्यामुळेच आहे. भिंतीचा खर्च भाडेकरूने द्यावा, आणि हे असंच चाललं तर घर रिकामं करावं.

मी आपावर चिडले. "वो मालिक का आदमी था, आपा." बाबा, तुमचा नियमही तिला सांगितला, मालकाचा चहा घ्यायचा नाही तो. तिने शांतपणे ऐकून विचारलं, "मालिक तुम्हारे अब्बा को चाय पूछता था?"

"हाँ. हर मीटिंग में."

"चलो, इतनी तमीज़ तो थी उसमें." मग म्हणाली, "मेरे यहाँ बैठा था तो मेहमान था. जो लिखा, अपने दफ़्तर में जाकर लिखा. वो जाने."

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. ज्या मजल्यांवर कोणी चहा उकळत नाही तिथल्या भिंतीही काळ्याच आहेत, हे मी पुढच्या पत्रकात ठळक छापलं. क्राउझने वाचून मान डोलावली. आता प्रकरण वकिलाकडे आहे.

इम्तियाज घाबरला. त्याचं चूक नाही, या शहरात दुसरं घर मिळवणं म्हणजे वेगळीच नोकरी. निकाल लागेपर्यंत शेगडीवर काही उकळायचं नाही, असं त्याने आईला सांगितलं. तिने ऐकलं.

त्यानंतर मी वर गेले तर दार अर्धंच उघडलं. "सब ठीक है बेटा," म्हणाली, आणि चौकटीतच उभी राहिली. मी पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिने मला आत बोलावलं नाही. बोलावून देणार काय होती? दुसऱ्या मजल्यावरच्या बायका तिच्याकडे जायच्या, त्याही थांबल्या. कंपनीला तिला घराबाहेर काढावंच लागलं नाही. तिच्याकडे येणारी माणसं थांबली, तेवढं पुरलं. आणि चहा नाही, हे सगळ्यात आधी मीच म्हणाले होते.

घर म्हणजे काय, यावर मी झोपेतसुद्धा पत्रक लिहीन. घर हा हक्क आहे. भाडं आटोक्यात हवं, भिंत कोरडी हवी. यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण या इमारतीच्या तळमजल्यावर माझं जे हक्काचं घर आहे, तिथे इतक्या वर्षांत कोणी बसायला आलेलं नाही. खुर्ची एक आहे, तिच्यावर कपडे असतात. पत्रकांचे गठ्ठे मात्र नीट रचलेले.

शनिवारी वर जाऊन म्हणाले, "आपा, मेरे यहाँ बनाओ."

"और तुम्हारी दीवार?"

"वो पहले से काली है."

तिने चप्पल पायात घातली. मग पातेलं, पत्तीचा डबा आणि पळी घेऊन खाली आली. माझ्या शेगडीची बटणं तिने मला न विचारता लावली. मी मदतीला उठले, तर हाताने खाली बसवलं. "बैठो." गठ्ठे सरकवून मी जमिनीवर बसले. पातेलं उकळत होतं तेवढ्यात आईचा फोन आला.

"कसला आवाज येतोय गं? कोण आहे?"

"शेजारीण आहे. चहा करतेय."

"आणि तू काय करतेस?"

"बसलेय."

"बसलेय काय? उठ की, मदत कर जरा त्यांना."

"उठू देत नाही ती."

"म्हणजे तू आहेस कोणाच्या घरी?"

"माझ्याच."

तिला ते काही पटलं नाही. मी समजावून सांगणार होते, पण दारावरची बेल वाजली. खाली येता येता जिन्यात आपाने दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांना चहाला खाली या म्हणून सांगून ठेवलं होतं. मी उठायला गेले, तर पळी बाजूला ठेवत ती म्हणाली, "तुम बैठो. मैं देखती हूँ."